तीन थंड चुली

मुंबईच्या मंडळाने काढलेल्या स्मरणिकेत माझा फोटो आहे. कोट घातलेला, केस चापून बसवलेले, तहसील कचेरीतून निवृत्त झालो त्या दिवशीचा. खाली छापलं आहे, ‘काविळीच्या साथीत वाडीला न्याय मिळवून देणारे, फुंकणी मोर्चाचे जनक’. छपाईला जाण्याआधी मंडळाची मुलं मजकूर दाखवायला माझ्याकडे खेडला आली होती. मी चष्मा लावून तो वाचला, दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि कागद परत दिला. जनक हा शब्द मी तसाच राहू दिला. आता वाडीत विहाराला लागून नवं सभागृह झालं आहे. तिथे काचेच्या पेटीत एक जुनी फुंकणी ठेवायची आणि तिच्याखाली माझ्या नावाची पाटी लावायची, असं ठरलं आहे. मुलांनी विचारलं, "काका, त्यातली एकादी फुकणी तुमच्याजवळ असंल ना?" माझ्याजवळ नाही. कधीच नव्हती. त्या मोर्चात मी गेलोच नव्हतो. तो काढला माझ्या धाकट्या बहिणीने, शकूने, आणि त्या दिवशी मी घरात बसून होतो.

आमचं घर बौद्धवाडीच्या खालच्या अंगाला, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, जवळ. आजोबांनी बांधलेलं, जांभ्याच्या चिऱ्यांचं, लांबलचक, आणि आत चार भावांच्या चार चुली. बाहेरून पाहणाऱ्याला ते एकच घर दिसे. ग्रामपंचायतीने दारावर डांबराने घातलेला नंबरही एकच होता. आतल्या माणसाला मात्र ती चार घरं होती. प्रत्येकीचं मडकं वेगळं, मीठ वेगळं, रुसवे वेगळे. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला फुंकण्यांचे आवाज ऐकू येत. ओल्या लाकडांनी धुमसणारी चूल बाया त्या लोखंडी नळीने फुंकायच्या. आईचा श्वास लांब आणि एकसारखा. थोरल्या काकीचा तुटक, मधे खोकला. धाकट्या काकीची फुंकणी शिटीसारखी वाजायची, तिला तळाशी चीर गेली होती. कोण उठलं, कोण चिडून उठलं, कुणाची लाकडं भिजली, हे सगळं त्या आवाजांवरून कळे. शकू आठ-नऊ वर्षांची झाली आणि आईच्या जागी तिचा श्वास ऐकू येऊ लागला. छोटा, घाईचा, आणि चूल लगेच पेटायची. आईला एवढी फुंकावी लागे आणि हिला का नाही, याचासुद्धा मला राग यायचा. तेव्हापासूनचा असेल माझा आजार.

बाबा मुंबईला गोदीत. वर्षातून एकदा यायचे, बाकीचं वर्ष त्यांची पत्रं. पत्रावर नाव माझं असे, ‘चि. वसंत यास’. मी थोरला, मुलगा, म्हणून. पत्र आलं की चारी चुलींची माणसं पडवीत जमायची आणि मी उभं राहून वाचायचो. तो माझा मान होता. दुसरा मान बांगड्याच्या डोक्याचा. घरात मासळी आली की डोकं माझ्या ताटात. ते कुणी ठरवलं नव्हतं, पण तसं होतं. मॅट्रिकला मी पहिल्यांदा नापास झालो त्याच वर्षी शकू सातवीला केंद्रात पहिली आली. त्या दिवशी आईने बांगड्याचं डोकं तिच्या ताटात वाढलं. शकूने ते अर्धं मोडलं आणि माझ्या ताटात टाकलं. मी ते तसंच ठेवून उठलो. आज माझे दात गेले आहेत, डॉक्टरने मीठ बंद केलं आहे, पण तो बांगडा मला अजून आठवतो. त्यावर कोकमाचं एक आमसूल चिकटलं होतं.

तीन-चार वर्षांनी, एका पावसाळ्यात, वाडीत कावीळ आली. आधी थोरल्या काकांचे डोळे पिवळे झाले, मग समोरच्या घरात दोघांचे, मग रोज सकाळी माणसं एकमेकांच्या पापण्या खाली ओढून बघू लागली. घराघरातून हळद बंद झाली, पिवळं काही ताटात नको म्हणून. तेल बंद, मासळी बंद. सकाळ-संध्याकाळ भाताची पेज आणि मिठाचा खडा. फोडणीचा चर्र आवाज गेला आणि वाडी मुकी झाल्यासारखी वाटू लागली. भर लावणीचे दिवस. मळे पाण्याने भरलेले, भाताचा तरवा उपटायला आलेला, आणि माणसं पडवीत घोंगड्या पांघरून पडलेली.

कुणाला झालं आणि कुणाला नाही याचा हिशेब पहिल्यांदा शकूने लावला. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल. ती घरोघर जाऊन एकच विचारायची, "पाणी कुठला पिता?" वरच्या वाडीत बांधलेली विहीर होती, तिथे साथ कमी. आमच्याकडे पऱ्याकाठचा झरा, आणि पावसात पऱ्या चढला की वरची सगळी घाण त्यात उतरे. आरोग्य खात्याची माणसं आली ती वरच्या विहिरीत पावडर टाकून निघाली होती. शकू त्यांच्या जीपगाडीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "साहेब, आजारी माणसा खाली हायत नि औषध वर का टाकताव?" त्यांना खाली यावंच लागलं. मी हे लांबून पाहत होतो. मनात म्हणालो, हे मीच बोलणार होतो. खोटं होतं ते. माझ्या ते डोक्यातही आलं नव्हतं.

मग सरकारी मदत आली. तांदूळ, गूळ आणि दूधभुकटी, आजारी गावांना काही आठवडे पुरेल एवढी. तलाठी भाऊसाहेब वरच्या वाडीच्या शाळेत दप्तर मांडून बसले आणि घरनंबरावर वाटप सुरू झालं. वरच्या वाडीत भाऊ वेगळे झाले की वेगळं घर बांधत, वेगळा नंबर घेत. आमच्याकडे बांधायला जागा कुठली? आम्ही भिंत घालत होतो आणि चूल मांडत होतो. त्यामुळे सबंध बौद्धवाडीचे नंबर नऊ आणि चुली चोवीस. आमच्या चार कुटुंबांना मिळून एकाचं धान्य. थोरल्या काकी तलाठ्यांशी बोलायला गेल्या आणि रडून परत आल्या. दुसऱ्या दिवशी शकू गेली, तिच्यामागे मीही गेलो.

भाऊसाहेब म्हणाले, "मुली, नियम आहे. एक नंबर, एक कुटुंब."

शकू म्हणाली, "मग कावीळ पण नंबरावर यायला पायजे होती, भाऊसाहेब. घराला एक."

बाकावर बसलेली वरच्या वाडीची माणसं हसली. भाऊसाहेबही हसले, पण लेखणी त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "माझ्या हातात नाही. खेडला जा, मामलेदारांना पटवा. चुली वेगळ्या आहेत याचा पुरावा न्या." घरी येऊन शकूने कोनाड्यातली फुंकणी उचलली, तिच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "दादा, चूल काय उचलून नेता येत नाय. पण ही येते."

मी पोट धरून हसलो. म्हणालो, "मामलेदार कचेरीत फुकण्या? खेडच्या बाजारात लोक हसतील."

"हसू देत," ती म्हणाली. "हसताना तरी बघतील."

चोवीस बायका गेल्या. पावसाची इरली डोक्यावर, हातात फुंकणी. वाटेत वरच्या वाडीतल्याही चार-पाच जणी मिळाल्या. शेजारच्या घरातली यशोदावैनी लेकराला कमरेवर घेऊन गेली. तिचा नवरा भिकूदादा तेव्हाच अंथरुणाला खिळला होता. मी गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरात बसून पेज प्यायलो. घरात त्या दिवशी एकही फुंकणी नव्हती, म्हणून थोरल्या काकांनी चूल पुठ्ठ्याने वारा घालून पेटवली. पुढे काय झालं ते मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलं की आता ते मी पाहिल्यासारखंच सांगतो. स्मरणिकेतही तसंच सांगितलं. मामलेदारांच्या टेबलावर शकूने आईची फुंकणी ठेवली. मग एकेकीने आपापली. काही खाली घरंगळल्या, त्यांचा फरशीवर खणखणाट झाला आणि कचेरीतले सगळे कारकून उठून दारात आले. शकू म्हणाली, "साहेब, एक फुकणी म्हंजे एक चूल. मोजा." मामलेदार मनाने बरे होते. ते म्हणाले, "बाई, फुंकणी कुणीही आणील. सर्कल इन्स्पेक्टरना पाठवतो. जेवढ्या पेटत्या चुली दिसतील, तेवढी कुटुंबं मी धरतो. नावांची यादी आधी पाठवा." हे सगळ्यांना मान्य झालं. शकूने त्याच दिवशी यादी लिहिली. चोवीस नावं, एकही खाडाखोड नाही.

बातमी मुंबईला पोचली आणि आठवड्याभरात बाबांचं पत्र आलं. पोस्टमनने नेहमीसारखं ते माझ्या हातात दिलं. वर लिहिलं होतं, ‘चि. शकू हिस’. मी ते दोनदा वाचलं. पडवीत माणसं जमली होती. शकू म्हणाली, "वाच ना दादा." तिचं पत्र, पण वाचायचा मान माझाच, हे तिने न बोलता धरलं होतं. मी फोडून वाचू लागलो. मधे एक वाक्य होतं, ‘मी दोघांना शिकवले, पण शिकलीस तू.’ मी ते सोडून पुढच्या ओळीवर गेलो. कुणाला कळलं नाही. वाचून झाल्यावर पत्र घडी करून खिशात घातलं, आणि शकूने नंतर मागितलं तेव्हा सापडत नाही म्हणून सांगितलं. ते पत्र माझ्या पत्र्याच्या पेटीत राहिलं. इतकी वर्षं राहिलं.

सर्कल यायच्या आधीच्या आठवड्यात वाडीत तीन मयतं झाली. त्यात भिकूदादा गेला. आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा देव्हारे नदीत सोडले, सुतक सोडलं, किती गोष्टी सोडल्या. एक मात्र राहिलं. मयताच्या घरात पुण्यानुमोदनाचा विधी होईपर्यंत चूल पेटवायची नाही. जेवण भावकीतून यायचं. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. रडणाऱ्या बाईला धुराजवळ बसवायचं नाही, एवढंच होतं, आणि ते सगळ्यांना बरं वाटायचं म्हणून टिकलं. त्यामुळे ज्या दिवशी पेटत्या चुली मोजल्या जाणार होत्या, त्या दिवशी नेमक्या ज्या तीन घरांना मदतीची सगळ्यात जास्त गरज होती, त्यांच्याच चुली थंड असणार होत्या.

शकूच्या हे लक्षात आलं होतं. ती स्वतः सर्कलबरोबर फिरणार होती. पण त्याच सकाळी आईला उलट्या सुरू झाल्या, डोळे हळदीसारखे, आणि तिला डोलीत घालून खेडच्या इस्पितळात न्यायचं ठरलं. डोली उचलली गेली तशी शकू पळत परत आली, वहीचा कागद फाडला, उभ्या उभ्या लिहिलं आणि माझ्या हातात चिठ्ठी दिली. "दादा, ही सर्कलना दे. तीन घरांची हाय. तोंडी सांगून चालायचा नाय, त्यांना लेखी लागता. दिली हां मी तुझ्याकडं."

"दिलीस गो, जा," मी म्हणालो. ती डोलीमागे पळाली. पाठीवर इरलं वाकडं झालं होतं.

सर्कल थोड्याच वेळात आले. सभ्य माणूस, छत्री, पायांत गमबूट. बाकीची माणसं आजारी किंवा मळ्यात. वाडीत उभा, कपडे घातलेला आणि मॅट्रिकपर्यंत गेलेला असा मीच. आम्ही घरोघर फिरलो. ते मागच्या दाराने आत डोकावायचे, चूल पाहायचे, यादीत खूण करायचे. सात-आठ चुली झाल्यावर ते यादी न्याहाळत म्हणाले, "ही कुणी केली?"

"माझ्या बहिणीनं."

"काय अक्षर आहे! आणि इतकी बिनचूक यादी आमचा एक तलाठी करत नाही. शिकवा हो तिला पुढं."

बिनचूक. हा शब्द त्यांनी सहज उच्चारला, आणि पुढच्या दाराकडे वळले. ते दार यशोदावैनीचं होतं. आत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिचेही डोळे तोवर पिवळे झालेले. सासू, गंगाकाकी, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. परक्या माणसाशी ती दुःखात बोलणार नव्हती. सर्कलनी वाकून चुलीवर हात धरला. राख थंड होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात खिशात गेला, चिठ्ठीला लागला. ती किंचित दमट झाली होती. मला त्या यादीत एक चूक हवी होती. एकच. एवढीच माझी मागणी होती त्या क्षणी, यशोदावैनी मला दिसतही नव्हती. हात रिकामा बाहेर आला. सर्कलनी तांबडी पेन्सिल काढून नावावर रेघ मारली. मग दुसऱ्या घरी, मग तिसऱ्या घरी. एक चूक झाल्यावर थांबता येईल असं मला वाटलं होतं. पण दुसऱ्या घरी चिठ्ठी काढली असती तर पहिल्या घरी का नाही काढली, हे सांगावं लागलं असतं. शेवटी पंच म्हणून मी सही केली. सर्कल म्हणाले, "तुझंही अक्षर चांगलं आहे. कचेरीत कधी जागा निघाली तर ये." पुढच्या वर्षी मी गेलो. चौतीस वर्षं नोकरी केली. त्यात मी किती याद्या लिहिल्या असतील, आणि प्रत्येक यादी लिहिताना तांबड्या पेन्सिलीकडे बघायचं टाळलं.

धान्य आलं तेव्हा एकवीस नावं पुकारली गेली. शकू आईला घेऊन आदल्या दिवशीच परतली होती. ती कागद हातातून घेऊन परत परत वाचू लागली. गंगाकाकी रिकामी पाटी घेऊन उभी होती. ती कुणाला शिवी देणारी बाई नव्हती. एवढंच म्हणाली, "चूल विझली म्हनून आमी माणसा पन विझलो काय गो शकू?"

शकू माझ्याकडे वळली. "दादा, चिठ्ठी दिली होतीस ना?"

आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कुठली चिठ्ठी? मी तोंडी सांगितलं त्यांना. ते म्हणाले, लेखी पाहिजे. तू लेखी दिलंच नाहीस."

"दिली ना मी. हातात."

"आईच्या गडबडीत राहिलं असंल तुझं."

तिचा चेहरा मी विसरू शकत नाही, पण त्यावर राग नव्हता. ती आठवू पाहत होती. डोळे वर करून, ओठ हलवत, त्या सकाळच्या प्रत्येक हालचालीवरून परत चालत जात होती. आणि मग तिला स्वतःचंच खरं वाटेनासं झालं. ते मी होताना पाहिलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार लवकर झालं ते.

शकू तीनदा खेडला गेली. पंचनामा झाला, सही झाली, आता पुढच्या वाटपात बघू, असं उत्तर आलं. पुढचं वाटप झालंच नाही. लोकांनी आपापल्यातलं त्या तीन घरांना दिलं, पण आजारी माणसांची वाडी ती, देणार किती? दोन घरांत मुंबईहून मुलगे येऊन उभे राहिले. यशोदावैनीला कुणी नव्हतं. डॉक्टरने तिला पडून राहायला सांगितलं होतं. पुण्यानुमोदन झालं आणि तिसऱ्या दिवशी ती वरच्या वाडीच्या मळ्यात लावणीला उतरली, कारण लावणीला गेलेल्या बाईला तांदूळ मिळत. श्रावणात ती गेली. धान्य मिळालं असतं तर वाचली असती का, हे मला कुणी सांगू शकणार नाही. पण चिखलात उतरली नसती, एवढं मला ठाऊक आहे.

वाडीत बोललं जाऊ लागलं की पोरीनं पुढं पुढं केलान आणि ऐन वेळेला नावं विसरली. पुढल्या वर्षी शकूचं लग्न लावून दिलं, लांब हातखंब्याला. नवऱ्याची नाक्यावर चहाची टपरी होती. तिने पुढे शिक्षण घेतलं नाही, कुठल्या सभेत उभी राहिली नाही. एक सवय मात्र तिला लागली. कुणाच्या हातात काही दिलं, रुमाल असो की किल्ली असो, की ती थांबवून विचारायची, "दिली ना मी? बोल बघू, दिली म्हणून." आमची मुलं तिची नक्कल करायची, "आते, दिली गो दिली!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

नवरा वारल्यावर ती माहेरच्या घरात राहायला आली. आता तिथे तिची एकटीची चूल, म्हणजे गॅस. शेजारी यशोदावैनीचा मुलगा बाळा. लोट्याच्या कंपनीत पाळ्या करून तो आता घरी बसला आहे. मला तो काका म्हणतो, कलमाचे पहिले हापूस खेडला आणून देतो, डोळ्याच्या ऑपरेशनला मला मोटारसायकलवर बसवून नेलं ते त्यानेच. शकूशी तो बोलत नाही. भिंतीला भिंत लागून आहे, पण तिच्या उंबऱ्याच्या आत त्याने पाऊल टाकलेलं नाही. "माझ्या आयशीची चूल इसरली ती," असं तो एकदा मला म्हणाला, आणि मी चहा पीत राहिलो. करोनात आशासेविका वाडीत धान्याच्या किटची यादी करायला आल्या, तेव्हा सत्तरीला टेकलेली शकू तोंडाला पदर बांधून कुंपणाकुंपणाने फिरली आणि ज्या घरांना बाहेरून बांबू बांधले होते ती आधी लिहून घ्यायला लावली. पोरांनी तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकला. मी खेडच्या फ्लॅटमध्ये बसून तो पाहिला. त्याखाली किती जणांनी हात जोडले ते मोजलं. आणि या वयात, एवढं सगळं होऊन गेल्यावर, मला परत तेच झालं, बांगड्याच्या डोक्याचं.

मागच्या रविवारी मी पत्र्याची पेटी उघडली, बाबांचं पत्र आणि तिच्यातच ठेवलेली ती चिठ्ठी काढली आणि एसटीने वाडीत गेलो. शकू मागच्या पडवीत कुळीथ निवडत होती. मी तिच्यासमोर दोन्ही कागद ठेवले आणि सगळं सांगितलं. चिठ्ठीची शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षर वाचता येतं. ‘खालील तीन घरी मयत असल्याने चूल बंद आहे. माणसे आहेत.’ आणि खाली तीन नावं.

मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला बाहेर काढील. तिने चष्मा शोधला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि कितीतरी वेळ तशीच धरली. मग म्हणाली, "म्हंजे मी दिलेली." तिचा चेहरा मला ओळखू येईना. असा हलका झालेला तो मी तिच्या लहानपणी पाहिला होता, चूल एका फुंकरीत पेटली की व्हायचा तसा. "मी दिलेली रे," ती परत म्हणाली, माझ्याशी नव्हे. त्यानंतर मात्र तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली.

"आणि हे बाबांचं पत्र," मी म्हणालो. "तुझं आहे. यातली एक ओळ तेव्हा मी..."

"पत्र नंतर," ती म्हणाली.

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मागच्या दारात जाऊन हाक मारली. "बाळा, ये जरा हिकडं." तिने परत हाक मारली. बाळा आला, लुंगीला हात पुसत, मला पाहून हसला, "काका, कवा आलाव?" आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. शकूने त्याला आत ये म्हटलं नाही. चिठ्ठी तिच्या मुठीत होती. ती माझ्याजवळ येऊन बसली, अगदी जवळ, लहानपणी पत्र ऐकायला बसायची तशी.

"दादा," ती म्हणाली, "दिली ना मी? बोल बघू."

"दिली होतीस," मी म्हणालो.

"कुणाला?"

"मला. माझ्या हातात."

"परत बोल," ती म्हणाली. "मोठ्यानं. त्याला ऐकू जाऊ दे."